जपान कळायला विद्यापीठ लागतं का?

कागदीबगळा

माझ्या मावसभावाची मुलगी बारावी झाली. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ ही पातळी (एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड) तिने अकरावीतच काढली. आता तिला जपानचा इतिहास आणि समाज हा विषय धरून बीए आणि पुढे एमए करायचंय. घरात पंधरा दिवस यावरून रणधुमाळी चालू आहे. दादाचं म्हणणं, "एन-२ कर, कंपनीत लाग, जपानला जा. संस्कृती तिथे गेल्यावर आपोआप कळेल. त्यासाठी पाच वर्षं कशाला?" मी स्वतः तीच पाच वर्षं घालवलेली. रविवारी मला साक्षीला म्हणून बोलावलं आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

माझं मत असं की तिथे राहून सवय होते, कळतंच असं नाही. एकच उदाहरण देते. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसात इकिगाईचं पोस्टर लावलंय. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि कमाई अशी चार वर्तुळं, मधोमध इकिगाई. हे चित्र मुळात जपानी नाहीच. २०१४ मध्ये एका ब्लॉगवाल्याने दुसऱ्याच कुणाची आकृती घेतली आणि मधल्या शब्दाच्या जागी इकिगाई घातला. आम्हाला एमएच्या दुसऱ्या सत्रात या शब्दावर वाचायला लावलं ते १९६६ सालचं, कामिया मिएको या मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं. त्या नागाशिमा ऐसेइएन या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काम करायच्या. वसाहत बेटावर. घरापासून तोडून आणलेली माणसं, कित्येकांनी तर घरच्यांना कलंक नको म्हणून नावंसुद्धा बदललेली. अशा माणसाला उद्या सकाळी उठावंसं कशामुळे वाटतं, हा बाईंचा प्रश्न. कमाईचं वर्तुळ त्यात शोधून सापडणार नाही. रुग्णांना सक्तीने वेगळं ठेवणारा कायदा जपानने रद्द केला तो थेट १९९६ साली, आणि २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने त्याबद्दल सरकारला दोषी धरलं.

हे बेट ओकायामा प्रांतात आहे. सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण ज्या ओकायामाच्या बागेची प्रतिकृती बघायला जातो, तेच ओकायामा. त्या बागेत मी लहानपणापासून जातेय. बेटाबद्दल वर्गात बसेपर्यंत ऐकलंही नव्हतं.

तुमचं काय मत?

निशिकासाईकर

ताई, लिहिलंय छान, पण सहमत नाही. मी नऊ वर्षं तोक्योत आहे. इंजिनिअर, एन-३ वर आलो, विद्यापीठ वगैरे काही नाही.

पहिल्याच महिन्यात बेंतोचे, म्हणजे तयार जेवणाचे डबे न धुता प्लास्टिकच्या पिशवीत भरून खाली ठेवले. गाडीवाल्यांनी पिशवी उचलली नाही, वर स्टिकर चिकटवून गेले. मी ऑफिसला पळालो. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या ओबासान, म्हणजे काकू, तीच पिशवी घेऊन दारात. मला वाटलं, आता बोलणी खातोय. बाई आत आल्या, चपला दाराशी नीट उलट्या वळवून ठेवल्या, माझ्याच सिंकमध्ये एक डबा धुतला, निथळायला पालथा घातला आणि दुसरा माझ्या हातात दिला. एक शब्द नाही. पुढच्या शनिवारी मला चोनाइकाईच्या, म्हणजे वाडीच्या मंडळाच्या साफसफाईला घेऊन गेल्या. आज त्या मंडळाचा उन्हाळी जत्रेचा हिशेब मी ठेवतो.

हे कुठल्या सत्रात शिकवतात? आमच्या एदोगावा वॉर्डात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला. लोकांत मिसळल्याशिवाय जपानी मतदार परक्या मुलखातून आलेल्याला मत देत नाही. दादा म्हणतात तेच बरोबर.

अप्पाबळवंत

निशिकासाईकरांना +१. आणि एवढं समजून तरी काय करायचंय? २०१७ मध्ये एक गाडी २० सेकंद लवकर सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली. मला जपान एवढं पुरे. आमची पुणे–लोणावळा लोकल बघा आणि ते बघा.

मधलीसुट्टी

अप्पा, तुमचा हा २० सेकंदांचा मेसेज सकाळपासून तीन ग्रुपवर आला. आता त्याच्या आधीचं ऐका. २५ एप्रिल २००५, ओसाकाजवळचं आमागासाकी. २३ वर्षांच्या चालकाची गाडी आधीच्या स्टेशनात फलाट सोडून पुढे गेली, मागे घेण्यात दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला. तो भरून काढायला त्याने ताशी ७० ची मर्यादा असलेल्या वळणावर ११६ किलोमीटरने गाडी घातली. डबे रुळांवरून उडून इमारतीत घुसले. चालकासकट १०७ मेले. तपासात पुढे आलं ते 'निक्किन क्योइकु'. चुकलेल्या चालकाला दिवसच्या दिवस बसवून चूक कबूल करणारे निबंध लिहायला लावायचे, वरून अपमान करायचा. त्या पोराने हे आधी एकदा भोगलं होतं. वेळेवर येणारी गाडी फलाटावरून सगळ्यांनाच दिसते हो. हे दिसायला कुणीतरी अहवाल घेऊन बसावं लागतं.

आणि राहिल्याने कळतं म्हणाल, तर माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एकाच गावात ऐंशी वर्षं राहिले. बलुतेदार गावाचे नोकर होते की एकेका घराशी बांधलेले, असं त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "असतात ते, त्यात काय विचारायचं!" हा प्रश्न लावून धरला हितोत्सुबाशी विद्यापीठातल्या फुकाझावा हिरोशी यांनी, पेशवाईतले मराठी कागद वाचून. त्यांचं उत्तर होतं, अख्ख्या गावाचे. माझ्याच गावची रीत मला एका जपानी प्राध्यापकाने सांगितली. मग आपल्या पोरीने त्यांच्या गावची वाचली तर बिघडलं कुठे?

भाषांतरवाली

फुकाझावा हे फुकाझावा. आपल्याकडे त्या दर्जाचं मिळतं का, हे बोला ना. मी पण जपानी घेऊनच पदवी केली (संस्थेचं नाव नको). तीन वर्षं व्याकरण आणि कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं. संस्कृती म्हणजे वर्षातून एकदा युकाता घालून चहाचा कार्यक्रम आणि घड्या घालून केलेले बगळे. धागाकर्तीने टोपणनावाबद्दल माफ करावं.

नंतर चाकणला दुभाषी म्हणून लागले. पहिल्याच मीटिंगमध्ये जपानी साहेब म्हणाले, "केंतो शिमासु." मी इमानदारीत सांगितलं, "विचार करू म्हणतायत." आमचे पर्चेसवाले तीन आठवडे उत्तराची वाट बघत बसले. तो 'नाही' होता. हे मला पदवीने शिकवलं नव्हतं, त्या तीन आठवड्यांनी शिकवलं.

आणि जे शिकवलं त्यातलं निम्मं साचेबंद. मानववंशशास्त्रज्ञ नाकाने चिए बाईंचा 'उभा समाज', म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठ नात्यांवर बांधलेला. आपल्याकडे माणूस जातीने ओळखला जातो, जपानात तो कुठल्या चौकटीतला यावरून, म्हणजे 'मी इंजिनिअर' न म्हणता 'मी अमक्या कंपनीचा'. बाई १९५० च्या दशकात भारतात हिंडलेल्या, तुलना चटकन पटते. पण सुगिमोतो योशिओंसारख्या समाजशास्त्रज्ञांनी नंतर विचारलं, की मोठ्या कंपनीतली जन्मभराची नोकरी मुळात किती जणांना मिळते? बहुतेक लोक छोट्या कारखान्यांत आणि दुकानांत. बायका, कंत्राटी कामगार या चौकटीत कुठे आहेत? आमच्या वर्गात नाकाने होत्या, सुगिमोतो नव्हते. रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तर युद्धकाळात अमेरिकेत बसून, जपानात पाऊल न ठेवता अख्खा जपानी स्वभाव मांडला. १९४६ च्या त्या पुस्तकातून 'लाजेची संस्कृती' म्हणून आम्हाला पाच मार्कांची टीप यायची. असं शिकून पोरगी ओबासानकडे माणूस म्हणून बघेल की नमुना म्हणून?

कागदीबगळा

बगळ्यांवरून मारलेला टोला मान्य. मी दोन वर्षं पोरांकडून बगळेच करवून घेत होते.

शिकवणं वाईट असू शकतं, तेही मान्य. पण सुगिमोतो तुम्हाला ओबासानने नाही सांगितले, तेही कुणीतरी विद्यापीठात बसूनच लिहिलं. वाईट वर्गावरचा उतारा चांगला वर्ग. दादाला मी तेच सांगितलं, की आधी अभ्यासक्रम मागव, वाचनयादी बघ.

निशिकासाईकर, तुमची ओबासान मला आवडली. पण काही गोष्टी तिथे सिंकपाशी निघत नाहीत. ऑफिसात कधी कुणी बुराकू हा शब्द उच्चारलेला ऐकलात? चामडं, कत्तलखाना, मृतांची कामं यांवरून पिढ्यान्‌पिढ्या विटाळ मानलेले लोक. चेहरा तोच, भाषा तीच. सरकारी फतव्याने भेद १८७१ मध्ये संपला. १९२२ साली त्यांनी क्योतोत सुइहेइशा ही समतेसाठी लढणारी संघटना काढली, महाडच्या चवदार तळ्याच्या पाच वर्षं आधी. आणि १९७५ मध्ये काय उघडकीला आलं? त्यांच्या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना चोरून विकल्या जात होत्या. उमेदवाराचा पत्ता ताडून बघायला. आपल्याकडे मुलाखतीत आडनाव विचारून झाल्यावर 'मूळ गाव कुठलं?' येतं ना, तसंच. हे वाचलं त्या रात्री मला जपान पहिल्यांदा ओळखीचा वाटला.

अप्पाबळवंत

त्यांच्याकडे पण? हे माहीत नव्हतं. (लोकलचं मत कायम.)

निशिकासाईकर

दोन दिवसांनी लिहितोय. बुराकू विचारायची हिंमत झाली नाही, खोटं कशाला बोलू. पण काल जेवताना ओसाकाकडच्या सेनपाईंना, म्हणजे ऑफिसातल्या सीनियरना, आमागासाकीबद्दल विचारलं. त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, आडव्या, नीट. म्हणाले, "मी त्या लाइनने कॉलेजला जायचो." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, यंदा पाऊस लवकर आला.

तर ताई, ही शांतता मला त्यांच्या समोर बसलो म्हणून ऐकू आली. पुस्तकात ती कुठे सापडली असती?

मधलीसुट्टी

आणि आमागासाकी माहीत नसतं, तर तुम्ही पावसाबद्दलच बोलत बसला असतात.

निशिकासाईकर

ते खरं. पण अहवाल वाचून मी त्यांना विचारलं हे बरं केलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही. आज ते जेवायला दुसऱ्या टेबलावर बसले.

भाषांतरवाली

उद्या तुम्हीच ताट घेऊन त्यांच्या टेबलावर जा. विषय काढू नका.

अप्पाबळवंत

ते सगळं ठीक. पोरीच्या अॅडमिशनची शेवटची तारीख कधी आहे?

कागदीबगळा

शुक्रवार! दादाने वाचनयादी मागवलीय. चष्मा लावून बसलाय.