मदत हवी आहे: इटालियन भूतकाळात क्रियापदाचे रूप नेमके कशानुसार बदलते?

नमस्कार. 'पास्सातो प्रोस्सिमो' या भूतकाळाबद्दल मला दोन शंका आहेत. 'ओ कोंप्रातो ला बोर्सा' (मी पिशवी विकत घेतली) या वाक्यात 'बोर्सा' स्त्रीलिंगी असूनही 'कोंप्रातो' बदलत नाही, पण 'ती मी घेतली' म्हणताना मात्र 'लो कोंप्राता' असे स्त्रीलिंगी रूप येते, असे का? शिवाय 'जाणे' आणि 'झोपणे' ही दोन्ही क्रियापदे अकर्मक असताना 'मारिया ए आंदाता', पण 'मारिया आ दोर्मीतो', हा फरक कसा ओळखावा?

उत्तर: आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण मराठीत कर्म वाक्यात कुठेही असले तरी 'घेतली' हे रूप त्याच्याप्रमाणेच चालते. इटालियनमध्ये 'आवेरे' ('जवळ असणे'; 'ओ', 'आ' ही त्याचीच रूपे) हे साहाय्यक क्रियापद असताना कर्म मागून आले, तर रूप जसेच्या तसे राहते. मात्र लो, ला, ली, ले (त्याला, तिला, त्यांना) यांपैकी एखादे सर्वनाम कर्म म्हणून क्रियापदाच्या आधी आले, की रूप त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलावेच लागते. 'लो कोंप्राता' यातील 'लो' म्हणजे स्वर गळालेले 'ला' आणि 'ओ' यांचा जोड असल्याने कानाला लिंग कळते ते शेवटच्या 'ता'वरूनच. अनेकवचनात 'ले ओ कोंप्राते' होते. मि, ति, चि, वि (मला, तुला, आम्हाला, तुम्हाला) यांच्याबाबत हा बदल ऐच्छिक आहे.

दुसऱ्या शंकेत अकर्मकतेची कसोटी अपुरी पडते, आणि पाठ्यपुस्तके इथे फार घाईने पुढे जातात असे मला वाटते. जाणे, पोहोचणे, जन्मणे, मरणे यांत कर्ता दुसऱ्या ठिकाणी किंवा अवस्थेत जातो, म्हणून 'एस्सेरे' ('असणे'; 'ए' हे त्याचेच रूप) हे साहाय्यक येते आणि रूप कर्त्याप्रमाणे बदलते. झोपणे, चालणे, हसणे या नुसत्या चालू राहणाऱ्या क्रियांना 'आवेरे' लागते. धावण्याचे उदाहरण फार बोलके आहे: मारिया नुसतीच धावली तर 'आ कोर्सो', पण धावत घरी गेली तर 'ए कोर्सा आ काझा'. काही क्रियापदे या कसोटीत बसत नाहीत, त्यामुळे नवे क्रियापद शिकताना त्याचे साहाय्यकही सोबतच पाठ करावे.

'प्याचेरे' (आवडणे) मात्र मराठी भाषकाला सहज जमेल: 'मि ए प्याचूता ला बोर्सा' म्हणजे 'मला पिशवी आवडली', आणि दोन्ही भाषांत क्रियापद पिशवीप्रमाणेच चालते.