अख्ख्या मसुराला दालमखनीची फूटपट्टी लावणाऱ्यांनी परीक्षणं लिहावीत का?

कृष्णाकाठ

गप्प बसणार होतो, जमलं नाही. रविवारखाऊ यांनी परवा आष्टा रस्त्यावरच्या एका मसूर-रोटीच्या ढाब्याला पाचात दोन स्टार देऊन टाकले. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेनूत एकच भाजी, पनीर मागितलं तर पोऱ्या 'नाही' म्हणून निघून गेला, मसूर 'दालमखनीसारखा क्रीमी' नव्हता, रोटी ताटात मावत नव्हती, मालक गल्ल्यावर बसून हसला नाही, सबब 'पुन्हा जाणार नाही'. हे सगळं ढाब्याच्या नावासकट आणि नकाशावर.

अहो, ज्या ढाब्याच्या पाटीवर मालकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'अख्खा मसूर' रंगवलंय तिथं पनीर मागायचं, म्हणजे हरिपूरच्या संगमावर उभं राहून समुद्र कुठाय विचारायचं. दालमखनी उडदाची. तिच्यात राजमा, लोणी, साय. मंद आचेवर ठेवून ती घोटून घोटून घट्ट करतात. मसूर घोटत नाहीत. साल अंगावर राहायला हवं, दाणा बोटानं दाबला की पिठूळ फुटायला हवा, पण रश्शात अख्खा दिसायला हवा. दाटपणा येतो भरपूर कांद्यानं, आणि पळीनं ठेचलेल्या मूठभर दाण्यांनी. वरचा लाल तवंग वर्षाच्या चटणीचा: रंग ब्याडगीचा, ठसका संकेश्वरीचा. क्रीम कुठून येणार?

वाईट लिहू नका असं माझं म्हणणं नाही. पण खातोय ती वस्तू मुळात कशी असते एवढं तरी माहीत असावं. रविवारी दुपारी, ऐन गर्दीत एकदा जायचं आणि एखाद्याच्या धंद्यावर कायमचा शिक्का मारून यायचं, याला माझा आक्षेप आहे. त्या भट्टीवर एक घर चालतं.

रविवारखाऊ

वा! माझ्या आठ ओळींवर एवढा निबंध. मसूरशास्त्राची पदवी घेऊन मग जेवायला बसायचं असतं हे ठाऊक नव्हतं, पुढच्या खेपेला प्रमाणपत्र खिशात ठेवीन.

आता तुम्ही सोयीनं गाळलेलं वाक्य. मी लिहिलं होतं, "मसुराला सोड्याचा वास होता, सालं सुटून वर तरंगत होती आणि खाली गाळ." तुमच्याच व्याख्येनं तो मसूर नापास झाला. मग भांडण कशाचं? 'क्रीमी' या एका शब्दाचं?

आणि 'घर चालतं' हे माझ्या पानातल्या वातड रोटीचं उत्तर नाही. घर माझंही चालतं, पगारावर. महिन्यातला एखादा रविवार बायकापोरांना बाहेर नेतो. तो फसला तर लिहायचं नाही? कौतुक लिहिणाऱ्यांना कुणी पदवी विचारत नाही. मोबाईल घेऊन येतात, रस्सा ओतताना व्हिडिओ काढतात, 'नाद खुळा' म्हणतात आणि बिल न देता जातात. मी बिल देतो, म्हणून लिहितो.

कोयनेकाठी

सोडा मारणं हे इस्लामपूर भागातलं काम. आमच्या कराडात मसूर रात्री भिजत घालतात. मूळ अख्खा मसूरही कराडचाच, बाकीच्यांनी पाट्या लावल्या.

पेठ नाका

झालं सुरू. कोयनेकाठी, अख्खा मसूर-रोटी म्हटलं की ट्रकवाला सुद्धा इस्लामपूरचं नाव घेतो. (नाव आता ईश्वरपूर झालंय, माहीत आहे, तेवढ्यावरून नवा धागा काढू नका.) तुमच्याकडे महामार्गावर गाड्या थांबायला लागल्या तेव्हा तुम्ही उचललात. आणि मसूर भिजवायला लागतोच कशाला? वाटाणा आहे का तो? धुऊन टाकला तरी शिजतो. जो रात्रभर भिजवतो त्याचा सकाळी लगदा होतो, म्हणून तुम्ही लोक वरनं चटणी मारून रंग आणता.

कोयनेकाठी

लगदा? माझे आजोबा महामार्ग दुपदरी असताना ढाब्यावर मसूर खायचे.

पेठ नाका

आजोबा कुठेही खात असतील. त्यानं पदार्थाचं गाव ठरत नाही.

भडंग पार्सल

भावांनो, लई भारी चाललंय. फक्त मसुराआधी त्या रस्त्याला स्टार द्या. पेठ-सांगली रस्त्यानं कंबर मोडून घेतलेल्या माणसाला ढाब्यावर गरम काहीही दिलं तरी गोडच लागायचं. आता काँक्रीट झालंय तर लोकांना चवी सुचायला लागल्या.

मिरजकरीण

मी दोन्ही बाजू वाचल्या. मसूर, सोडा, क्रीम, आजोबा. रविवारखाऊ, तुम्ही 'बायकापोरांना नेतो' म्हणालात ना? मग तुमच्या आठ ओळींत बायको कुठं बसली ते का नाही?

मी सांगते. त्या ढाब्यावर मी गेले आहे. बाहेर झाडाखाली, वाऱ्याला टेबलं आहेत, तिथं पुरुष बसतात. 'फॅमिली रूम' असा बाण मागं जातो. मागं पत्र्याची खोली, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला हिरवा पडदा. पडद्याला सगळ्यांनी हात पुसलेले. पंखा एकच, तो पलीकडच्या कप्प्यावर. भिंतीला टेकून कांद्याची पोती. मेमध्ये तिथं बसून गरम मसूर खायचा, आणि वाढपी पडद्याआडून ओरडतो, "अजून काय?" बाहेर बसू म्हटलं तर पोऱ्या म्हणतो, "लेडीज आत." सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या प्लायवूडच्या बाकड्यात त्यांना पाय वळवता येईना.

आणि संडास. त्यावर कुणीही एक ओळ लिहीत नाही. आतनं कडी नाही, म्हणून नणंद दाराबाहेर उभी राहिली. बल्ब नाही, पाण्याचा पिंप आहे पण मग नाही. आम्ही बायका लांबच्या प्रवासाला निघालो की सकाळपासून पाणी कमी पितो, हे तुमच्यातल्या किती खवय्यांना माहीत आहे? मला कुणी विचारलं तर चवीला चार देईन. मसूर त्या दिवशी उत्तम होता. सोडा नव्हता. पण कुणाही बाईला तिथं जा असं मी सांगणार नाही.

कृष्णाकाठ

मिरजकरीण ताई, मुद्दा बरोबर आहे, पण धाग्याचा विषय वेगळा आहे. मी परीक्षणातल्या जाणकारीबद्दल बोलतोय. सोयी हा नगरपालिकेचा आणि महामार्गवाल्यांचा विषय झाला.

मिरजकरीण

दादा, ढाब्याची आतली कडी नगरपालिका बसवते का? जाणकारी म्हणजे फक्त जिभेची का? तुमचा मुद्दा असा, की लिहिणाऱ्याला पदार्थ माहीत हवा. माझा मुद्दा असा, की लिहिणाऱ्याला आपल्यासोबत कोण जेवलं हे तरी माहीत हवं.

शंभर फुटी

ताई टोकाचं बोलताय. फॅमिली रूम बायकांच्याच सोयीसाठी केली. बाहेर परमिट रूमचं गिऱ्हाईक असतं, कोणी पिऊन काही बोललं तर परत तुम्हीच म्हणणार की सुरक्षितता नाही. मालकानं काय करायचं?

मिरजकरीण

पिणाऱ्याला पडद्याआड बसवायचं. जो त्रास देईल असं वाटतं तो वाऱ्याला आणि जिला होईल ती कांद्याच्या पोत्याशी? शिवाय या ढाब्यावर दारू मिळतच नाही, पाटीच आहे तशी. तरी पडदा आहेच.

पेठ नाका

हे मात्र खरं आहे. माझ्या बहिणीला सातव्या महिन्यात पुण्याहून आणत होतो. महामार्गावर एकापाठोपाठ एक हॉटेलात गाडी घातली. एकीकडे कुलूप, किल्ली मालकाकडे आणि मालक जेवायला घरी. दुसरीकडे 'ओन्ली स्टाफ'. शेवटी पेट्रोल पंपावर सोय झाली. तेव्हा हॉटेलात मसूर कसा आहे हे बघायचं भानच नव्हतं.

कोयनेकाठी

चला, पेठ नाक्याशी एका बाबतीत तरी एकमत. मसुराच्या बाबतीत नाही.

कच्ची पावती

सगळे भलत्याच गोष्टीवर बोलताय. परीक्षणात बिलाचा फोटो का नसतो? रविवारखाऊ म्हणतात 'मी बिल देतो'. कसलं बिल? वहीच्या पानाचा चतकोर, त्यावर निळ्या पेनानं आकडा? मी हिशेबाची कामं करतो म्हणून सांगतो. साध्या हॉटेलातल्या जेवणावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आहे. पण मालक कंपोझिशन योजनेत (छोट्या धंदेवाल्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतःच्या खिशातून भरायची जीएसटीतली सोय) असेल तर त्याला गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, आणि तसं पाटीवर व बिलावर लिहावं लागतं. आपल्याकडे काही महाभाग कंपोझिशनमध्ये असून खाली ५ टक्के लावतात, आणि आपण टीप ठेवून बाहेर पडतो. मला एकानं असंच लावलं. विचारलं तर म्हणाला, "सगळे देतात, तुम्हालाच काय झालं?" या गोष्टीला कुणी एक स्टार देत नाही.

भडंग पार्सल

काका, इथं लोक कडी शोधतायत आणि तुम्ही पावती.

मारुती चौक

कृष्णाकाठ यांचं बोलणं सगळं पटत नाही, पण 'कायमचा शिक्का' या दोन शब्दांवर माझं ऐका. आमच्या ओळखीच्यांचं पेठेत छोटं हॉटेल आहे, नाव सांगत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा यांचं फ्रीज, पिठाची कोठी, चटणीचे डबे, सगळं गेलं. चिखल काढून, कर्ज काढून दिवाळीच्या आत परत सुरू केलं. भिंती ओल्याच होत्या, चुना लावला तरी कुबट वास यायचा. तेव्हा एक बाहेरगावचे पाहुणे येऊन गेले आणि लिहिलं, "वास येतो, कळकट जागा, टाळा." एक स्टार. २०२१ ला परत पाणी आलं, परत उभं राहिले. आज टाइल्स आहेत, नवी भट्टी आहे. ते वाक्य मात्र अजून आहे. नवीन माणूस आला की मालक आधी विचारतो, "मोबाईलवर वाचून आलात का?"

रविवारखाऊ

वाईट वाटलं वाचून. पण पाहुण्यांनी खोटं लिहिलं का? वास होता ना? त्यांना पूर ठाऊक असेल-नसेल, त्यांच्या नाकाला तोच वास आला. परीक्षणाखाली तारीख असते, ती वाचणाऱ्यानं बघावी. आणि मालकाला तिथंच खाली उत्तर लिहिता येतं. "पुरानंतरचे दिवस होते, आता या" एवढं लिहायला किती वेळ लागतो?

मारुती चौक

साहेब, मालक पहाटे चारला कणीक मळायला उठतो आणि त्याला मोबाईलवर फोन घेता येतो, एवढंच. मुलगा पुण्यात. उत्तर कोण लिहिणार, तुम्ही?

रविवारखाऊ

हॉटेल सांगा, जेवून येतो आणि लिहितो. चांगलं असेल तर चांगलं. दया म्हणून लिहिणार नाही.

कृष्णाकाठ

म्हणजे अखेर एकदा पुन्हा जाऊन बघावं हे तुम्हाला मान्य तर! हेच मी वरती सांगत होतो, तेव्हा निबंध म्हणून हिणवलंत.

रविवारखाऊ

तुम्ही 'लिहावीत का' असं विचारलं होतं. 'पुन्हा जावं का' असं नाही. मथळा वाचा स्वतःचा.

पेठ नाका

रविवारखाऊ, सोड्याचं तुम्हाला खात्रीनं कळलं कशावरून? वासावरून? सोड्याला शिजल्यावर वास राहत नाही, जिभेवर साबणासारखं लागतं. सालं तरंगली म्हणजे मसूर जुना असेल किंवा दोनदा उकळलेला असेल. दुपारी दोनला गेलात तर सकाळचाच मिळणार.

कोयनेकाठी

बघा, इस्लामपूरकर सोड्याची चव अचूक ओळखतात. उगाच नाही.

शंभर फुटी

मिरजकरीण ताई, सांगणार नव्हतो, पण तो ढाबा माझ्या चुलतमामांचा. हा धागा मी त्यांना वाचून दाखवला. दालमखनीवर हसले. तुमचं वाचल्यावर गप्प झाले. त्यांचं म्हणणं, जागा भाड्याची आहे, मूळ मालक नवीन बांधकाम करू देत नाही, बायकांसाठी वेगळं कुठून बांधू? खोटं नाही ते.

मिरजकरीण

वेगळं बांधा असं मी म्हटलंच नाही. जे आहे त्याला आतनं कडी, एक बल्ब, एक मग. कडीला मूळ मालकाची परवानगी लागते का? आणि झाडाखालची दोन टेबलं घरच्या लोकांसाठी ठेवायला बांधकाम कशाला हवं?

आणि तुम्ही नात्यातले आहात हे 'टोकाचं बोलताय' म्हणताना सांगायला हवं होतं.

शंभर फुटी

सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का? असो. कडीचं मी स्वतः बघतो, शनिवारी जातोय. टेबलांचं त्यांना पटत नाहीये. म्हणतात, बाहेर बायका बसल्या की ट्रकवाले थांबत नाहीत.

मिरजकरीण

कोण म्हणतं असं, ट्रकवाले की मामा? विचारून या.