वाजवण्याचा वेग आणि पिकचा जोर ओळखणारा इफेक्ट: एन्व्हलप फिल्टर जलद वाजवताना उघडाच राहतो

प्रश्न – सहावी_तार

साखळी अशी आहे: गिटार, कॉम्प्रेसर (हळू-जोरातला फरक कमी करणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा), एन्व्हलप फिल्टर (वाजवण्याच्या जोराप्रमाणे उघडझाप करणारा), डिले (प्रतिध्वनी देणारा). ७० बीपीएमला (मिनिटाला ७० ठोके) सुटे स्वर वाजवले की प्रत्येक स्वराला फिल्टर नीट उघडतो आणि मिटतो. १२० बीपीएमला एका ठोक्यात चार स्वर घेतले की मात्र पहिल्याच स्वराला उघडतो आणि मग उघडाच राहतो. डिके कमी केला तर जाड तारांवर घरघर येते. पिक हळू किंवा जोरात मारला तरी फरक फारसा कळत नाही.

दुसरी गोष्ट: जलद जागांमध्ये डिले आपोआप कमी व्हावा आणि संथ जागांमध्ये पुन्हा भरून यावा, असं हवं आहे. एन्व्हलपवरून, म्हणजे आवाजाच्या जोराच्या चढउतारावरून, वेग मोजता येतो का? सोल्डरिंग येतं. डेझी सीड या ऑडिओ प्रोसेसर बोर्डवर सी++ लिहून करायचीही तयारी आहे.

उत्तर – आरसी_मंडळ

आधी क्रम बदला. कॉम्प्रेसर आणि ओव्हरड्राइव्ह दोन्ही हळू-जोरातला फरक दाबतात, आणि एन्व्हलप फिल्टरला नेमका तोच फरक लागतो. फिल्टर गिटारनंतर लगेच लावा. ओव्हरड्राइव्ह झालेला आवाजच फिल्टरमधून जायला हवा असेल, तर स्वच्छ सिग्नल बफरने दोन वाटांना फोडा: एक वाट डिटेक्टरला (फिल्टरमधला जोर मोजणारा भाग), दुसरी ओव्हरड्राइव्हमधून फिल्टरला. क्यू-ट्रॉन प्लस या एन्व्हलप फिल्टर पेडलमध्ये यासाठीच इफेक्ट्स लूप दिला आहे. लूपमध्ये काहीही लावलं तरी डिटेक्टर गिटारचंच ऐकतो.

आता घरघर. डिटेक्टर म्हणजे रेक्टिफायर (सिग्नल एकाच दिशेचा करणारा) आणि त्यापुढे कपॅसिटर. जाड ई तार ८२ हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचं. रेक्टिफायर हाफ-वेव्ह, म्हणजे आवर्तनाचा अर्धाच भाग घेणारा, असेल तर कपॅसिटरला दर १२ मिलिसेकंदांनी एकदाच भर मिळते. रिलीज (तुम्ही म्हणता तो डिके) ३० मिलिसेकंदांवर आणलात तर दोन भरींच्या मध्ये व्होल्टेज जवळजवळ ३३ टक्के घसरतं. फिल्टर त्या घसरणीबरोबर सेकंदाला ८२ वेळा हलतो, आणि तीच घरघर तुम्हाला ऐकू येते. फुल-वेव्ह केलं तर भर ६ मिलिसेकंदांनी येते आणि घसरण १८ टक्क्यांवर येते. रिलीज ९० मिलिसेकंद ठेवला तर ६-७ टक्के, जे सहसा कानाला टोचत नाही. एक डायोड वापरून केलेला डिटेक्टर असेल तर तो बदलणं हीच सगळ्यात जास्त फायद्याची दुरुस्ती आहे. दोन ऑप-ॲम्प आणि दोन १एन४१४८ घेऊन प्रिसिजन रेक्टिफायर करा. नुसत्या डायोडचा ०.६ व्होल्टचा उंबरठा हळू वाजवलेले स्वर गिळून टाकतो, हेही त्यात सुटतं.

पण फिल्टर उघडा राहण्याचं खरं कारण रिलीज नाहीच. १२० बीपीएमला चार स्वर म्हणजे दोन स्वरांत १२५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात तार स्वतःच फारशी शांत होत नाही. तार वाजतेय तोवर डिटेक्टर खाली येणार कसा? त्यामुळे रिलीज कितीही कमी केला तरी सुटे, न दाबलेले स्वर फिल्टर मिटू देणार नाहीत. तळव्याने तार किंचित दाबून वाजवलं तर फरक लगेच कळेल.

सर्किटमध्ये उपाय असा: डिटेक्टरचं व्होल्टेज फिल्टरकडे थेट न देता १ मायक्रोफॅरड कपॅसिटरमधून द्या आणि पलीकडून १०० किलोओम जमिनीला (ग्राउंडला). मग स्थिर भाग १०० मिलिसेकंदांच्या घाताने विरतो आणि नवा पिक आला की पुन्हा उसळी येते. पलीकडच्या बाजूला जमिनीकडून वर असा एक शॉट्की डायोड लावा, नाहीतर स्वर संपल्यावर व्होल्टेज उणे जाईल, फिल्टर नेहमीच्या जागेच्या खाली जाऊन बसेल आणि पुढचा स्वर दबलेला निघेल.

१९७२ च्या म्यू-ट्रॉन थ्री या एन्व्हलप फिल्टरमध्ये फिल्टर हलवायला एलईडी आणि प्रकाशाने रोध बदलणारा रेझिस्टर एकत्र असलेले ऑप्टोकपलर आहेत. तो रेझिस्टर उजेड गेल्यावर सावकाश परततो, म्हणून त्या पेडलमध्ये तरंग आपोआप गुळगुळीत होतात. मात्र तोच संथपणा जलद स्वरांच्या आड येतो. तुम्हाला वेग हवा असेल तर तो भाग निवडू नका.

उत्तर – दोन_उंबरठे

वेगाबद्दल: एन्व्हलप जोर मोजतो, वेग नाही. जलद वाजवलं की सरासरी एन्व्हलप वर चढतो खरा, पण एक जोरकस, लांब कॉर्डही त्याला तितकाच वर नेते. त्यामुळे डिले त्यावर सोपवला तर तो नेमका ज्या कॉर्डवर भरून यायला हवा तिथेच कमी होईल. पिकचे आघातच मोजावे लागतात.

सोल्डरिंगचा मार्ग: दोन डिटेक्टर करा. एक ५ मिलिसेकंदांचा, दुसरा ८० मिलिसेकंदांचा. वेगवान डिटेक्टर संथ डिटेक्टरच्या दीडपट झाला की आघात झाला असं धरायचं. तुलना एलएम३९३ हा कंपॅरेटर करेल. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणून वर १० किलोओम पुल-अप लागतोच. इनपुटला मालिकेत १० किलोओम आणि आउटपुटकडून १ मेगओम परत दिला की हिस्टेरिसिस मिळतो, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत थोडं अंतर पडतं. तो नसेल तर एका पिकला तीन-चार आघात मोजले जातील.

त्याचा खाली जाणारा काठ १० नॅनोफॅरडमधून ७५५५ या टायमर चिपच्या ट्रिगरला द्या. ट्रिगरवर वरच्या रेलकडे १० किलोओम आणि त्याला समांतर १एन४१४८, पट्टा रेलकडे. थेट जोडलंत आणि कंपॅरेटर खालीच राहिला, तर ७५५५ चा स्पंद संपणारच नाही. मोनोस्टेबलसाठी (एका ट्रिगरला ठरावीक लांबीचा एकच स्पंद) ४७ किलोओम आणि १ मायक्रोफॅरड घेतले की १.१ गुणिले आर गुणिले सी या सूत्राने स्पंद जवळपास ५२ मिलिसेकंदांचा होतो. या ५२ मिलिसेकंदांत दुसरा आघात मोजला जात नाही, हा मोठा फायदा. कॉर्डच्या सहा तारा एकामागून एक वाजतात त्या एकच आघात ठरतात. मर्यादा सेकंदाला साधारण १९ आघातांची, तेवढी पुष्कळ झाली.

स्पंद १०० किलोओम आणि १० मायक्रोफॅरडमधून गाळा. ९ व्होल्टवर सेकंदाला दोन आघातांना सरासरी सुमारे ०.९ व्होल्ट, चारला १.९, आठला ३.७ मिळतात. पुढचा बफर एलएम३५८ घ्या. सवयीने टीएल०७२ लावू नका, एकाच ९ व्होल्ट पुरवठ्यावर तो जमिनीजवळच्या व्होल्टेजवर काम करत नाही. संथ वाजवताना हे व्होल्टेज स्पंदागणिक अर्ध्या व्होल्टच्या आसपास हिंदकळेल. डिले तीन-चार आघातांच्या पुढेच कमी करायला सुरुवात केलीत तर ते चालून जातं.

हॅमर-ऑन आणि पुल-ऑफ (पिक न मारता डाव्या हाताच्या बोटांनी काढलेले स्वर) यात निसटतात, कारण त्यांचा आघात हलका असतो. उंबरठा दीडपटीवरून १.२ वर आणला तर काही सापडतात, पण मग तारेवरून बोट घसरल्याचा आवाजही मोजला जातो. मी दीडपटच ठेवेन.

सहावी_तार

क्रम बदलला, जोर लगेच जाणवायला लागला. डेझी सीडवर हे करायचं तर आकडे कसे घ्यावेत? आणि वेगाने डिलेचा नेमका कोणता भाग हलवायचा? वेळ, फीडबॅक की मिक्स?

उत्तर – ४८_किलोहर्ट्झ

डिलेची वेळ अजिबात हलवू नका. ती बदलताना आधीच साठलेल्या स्वरांची पट्टी वरखाली होते आणि सगळं बेसूर ऐकू येतं. फीडबॅक हलवला तर परिणाम उशिरा कळतो. आउटपुटचा मिक्स कमी केला तर आधीच्या संथ ओळीची शेपटी अर्ध्यात तुटते. डिलेच्या आत जाणारा सिग्नल कमी करा, म्हणजे सेंड. जुनी आवर्तनं आपली आपण विरतात, नवे जलद स्वर आत कमी जातात. सेकंदाला ३ आघातांपर्यंत पूर्ण सेंड, ८ आघातांना उणे १२ डीबी, मध्ये डीबीमध्ये सरळ रेषा. ऐंशीच्या दशकातल्या टीसी २२९० या डिलेमुळे गाजलेलं डकिंग यापेक्षा वेगळं. त्यात वाजवत असताना डिलेचा आउटपुट खाली जातो आणि थांबलात की वर येतो. त्याला वेगाशी देणंघेणं नाही.

कोडमध्ये स्पंद गाळत बसू नका. आघातांमधल्या शेवटच्या चार अंतरांचा मध्यक (क्रमाने लावल्यावरची मधली किंमत) काढा आणि त्याचा व्यस्तांक म्हणजे वेग. शेवटच्या आघातापासून गेलेला वेळ त्या मध्यकापेक्षा जास्त झाला, तर मध्यकाऐवजी तो वेळ वापरा. थांबल्यावर वेग आपोआप उतरतो आणि सेंड सावकाश परत येतो. मध्यक यासाठी की एखादा आघात निसटला तर त्या एका दुप्पट अंतराने उत्तर बिघडत नाही. सरासरीत ते बिघडतं.

डिटेक्टरचा गुणक म्हणजे ई चा घात उणे १ भागिले (काळ गुणिले सॅम्पल दर). ४८,००० वर ५ मिलिसेकंदांसाठी ०.९९५८, ८० मिलिसेकंदांसाठी ०.९९९७४. संथ डिटेक्टरला किमान मर्यादा घाला, फुल स्केलखाली ५० डीबीच्या आसपास. ती विसरलात तर शांततेत दोन्ही डिटेक्टर शून्याजवळ येतात आणि पिकअपची गुणगुणही दीडपट होऊन आघात ठरते. लक्षण सोपं आहे: गिटार हातात नसतानाही वेग दिसत राहतो.

जोर मोजताना आघातानंतरच्या १५ मिलिसेकंदांतलं शिखर घ्या आणि पुढच्या आघातापर्यंत तेच धरून ठेवा. ५ मिलिसेकंदांत उरकलंत तर जाड तारेचं अर्धं आवर्तनही झालेलं नसतं आणि तोच जोर दर वेळी वेगळा दिसतो. या १५ मिलिसेकंदांच्या उशिरामुळे फिल्टरची उघडझाप मात्र यावर देऊ नका, ती वेगवान डिटेक्टरवरच राहू द्या. धरून ठेवलेला जोर ओव्हरड्राइव्हच्या गेनला किंवा फिल्टर किती वर जाईल त्याला द्या.

जोर नेहमी डीबीमध्ये बदलून मगच नॉबवर चढवा. सरळ आकडा वापरला तर सगळी हालचाल जोरकस पिकच्या टोकाला गोळा होते आणि हळू वाजवण्याच्या पट्ट्यात काहीच घडत नाही. प्रत्येक गिटारसाठी सगळ्यात हळू आणि सगळ्यात जोरकस पिक एकदा वाजवून दोन्ही डीबी साठवा. हम्बकर पिकअपवर लावलेली मापं सिंगल कॉइल पिकअपला लागू होणार नाहीत. गिटारचा व्हॉल्यूम नॉब आठवर ठेवून वाजवत असाल तर मापंही आठवरच घ्या.