मदत हवी आहे: मोठी पेस्टल चित्रं घरात कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. ठाण्याला, नौपाड्यात राहतो. काकांनी काढलेली सॉफ्ट पेस्टल आणि कोळशाची मोठी चित्रं आमच्याकडे आली आहेत, एक-दोन तर पलंगाएवढी. पेस्टलची पूड कागदावर नुसती टेकलेली असते, म्हणून गुंडाळी बाद. पॉलिएस्टरची पारदर्शक शीटही नको, तिच्या स्थिर विजेने रंग उचलला जातो. लॅमिनेशन सुचवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार! आडवी ठेवायची, मध्ये ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, एवढं ठरलंय.

पण संग्रहालयात असतं तसं उथळ, रुंद खणांचं कपाट ठाणे-नवी मुंबईत कोण बनवून देतं? पावडर कोटिंगचं, पत्र्याचंच हवं. प्लायवूडमधून आम्लाची वाफ सुटते. ॲसिड-फ्री बोर्ड, म्हणजे आम्ल नसलेला पुठ्ठा, सुटा कुठे मिळेल? आणि पावसाळ्यातल्या दमटपणाला सिलिका जेल पुरतं का? आई डांबरगोळ्या घेऊन तयारच आहे, तिला कसंबसं थोपवलंय.