लाटेकचं सामायिक टेम्प्लेट: आवृत्त्या कशा काढायच्या?

प्रश्न
प्रबंधांसाठी लाटेकची (मजकुराची मांडणी करणारी प्रणाली) क्लास फाइल आहे, म्हणजे समास, शीर्षकं वगैरे ठरवणारी फाइल. मजकूर मराठी, झीलाटेकवर (युनिकोड मजकूर घेणारा लाटेकचा प्रकार) चालतो. पाच जण गिटवर (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) बदल करतात आणि विद्यार्थी हवी तेव्हा ताजी प्रत उतरवून घेतात. कोणी समासाचा आकडा बदलला की अर्ध्या लिहिलेल्या प्रबंधांची पानं सरकतात. उपाय काय?

उत्तर १
मुख्य शाखेची (जिथे बदल चालू असतात) प्रत विद्यार्थ्यांच्या हाती देऊच नका, फक्त टॅग (गिटमधल्या ठरावीक स्थितीला दिलेलं आवृत्तीचं नाव) लावलेली झिप द्या. चूक दुरुस्त केली तर १.४.० चं १.४.१, नवी आज्ञा आली तर १.५.०, आणि आधी लिहिलेल्या प्रबंधाचं पान हललं की थेट २.०.०, मग बदल एका ओळीचा का असेना. आज्ञेचं नाव बदललं तरी जुनं नाव चालू ठेवा, त्यावर क्लास वॉर्निंग (लाटेक चालवताना दिसणारी सूचना) टाका आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत काढा.

क्लास फाइलच्या सुरुवातीची तारीख आणि आवृत्ती गिटच्या टॅगशी जुळलीच पाहिजे. इथे क्रम चुकतो: आधी टॅग लावतात, मग फाइलमधला आकडा बदलतात, आणि झिपमध्ये जुनाच आकडा जातो. आधी आकडा, मग कमिट (बदलाची गिटमध्ये नोंद), मग टॅग. एल३बिल्डची (लाटेकच्या फाइली तपासून प्रकाशित करायचं साधन) टॅग आज्ञा फाइलमधले आकडे बदलून देते (तसं फंक्शन तुम्हीच लिहून ठेवायचं), पण गिटचा टॅग ती लावत नाही.

उत्तर २
एक नमुना प्रबंध रेपोतच (गिटमधल्या सामायिक साठ्यातच) ठेवा: अनुक्रमणिका, तळटीप, लांब तक्ता, संदर्भसूची, सगळं त्यात हवं. प्रत्येक बदल एकत्र करण्याआधी जुन्या आणि नव्या पीडीएफची पानोपान तुलना करा. टेक्सलाइव्हचं (लाटेकचा दरवर्षी निघणारा संच) वर्ष सगळ्यांकडे एकच हवं, नाहीतर आपण काही न बदलताही ओळी वेगळ्या तुटतात. फॉन्टही रेपोत ठेवा. नोटो सेरिफ देवनागरीचा परवाना खुला आहे.

नमुन्यात ‘शिक्षण’, ‘कर्तृत्व’, ‘दुसऱ्या’ हे शब्द असू द्या. फॉन्टच्या ओळीतून देवनागरी लिपीचा पर्याय चुकून गळला की ‘शि’ची वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. त्रुटीचा संदेश येत नाही, म्हणून डोळ्यांनीच बघावं लागतं.

उत्तर ३
समासासाठी दरवेळी २.०.० काढायची मला गरज वाटत नाही. नवी मांडणी क्लासच्या पर्यायामागे ठेवा, न मागणाऱ्याला जुनीच मिळू दे. मोठी आवृत्ती काढलीच तर १.क्ष ची (जुन्या आवृत्त्यांची) शाखा प्रबंध सादर होईपर्यंत जिवंत ठेवा आणि दुरुस्त्या चेरी-पिक करून (हवे तेवढेच कमिट निवडून) तिथेही न्या.