मदत हवी आहे: आमदारांनी सभागृहात नेमकं काय विचारलं ते कुठं बघायचं?

मंडळी, सोलापुरातनं विचारतोय. आपल्या जिल्ह्यातनं विधानसभेत 11 आमदार जातात, पण उजनीच्या पाण्यावर कुणी तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) टाकला, मंत्र्यांनी उत्तर काय दिलं हे बातम्यांतनं कळतच नाही, एक चॅनल सभात्याग दाखवतं, दुसरं फक्त मंत्र्यांचं भाषण, आणि दोन्हीकडं कुणाची तरी बाजू घेतलेलीच असते. त्यात बिलं आवाजी मतदानानं पास होतात म्हणजे कोण बाजूनं होतं कोण विरोधात याची नोंदच राहत नाही, हे मला तर फार चुकीचं वाटतं ओ. विधिमंडळाच्या वेबसाईटवर कार्यवाही असते म्हणतात, त्यात आमदाराच्या नावानं कसं शोधायचं? का सरळ विधानमंडळ सचिवालयाला माहिती अधिकाराचा अर्ज टाकू? कुणी टाकलाय का, उत्तर आलं का?