डोळे आल्यानंतर कॉर्नियावर ठिपके राहिलेत. स्वतःच्या रक्तापासून केलेले ड्रॉप्स कुणी वापरलेत का?

नमस्कार, धाकट्या भावासाठी विचारतेय. गेल्या श्रावणात त्याचे डोळे आले. आठ-दहा दिवसांत लाली गेली, चिपडं थांबली. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडे साथ होती तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचेच डोळे येऊन गेले होते आणि कुणाला मागे काही राहिलं नव्हतं, म्हणून या वेळीही निर्धास्त होतो. पण पुढच्याच आठवड्यात त्याला धूसर दिसू लागलं. तपासलं तर दोन्ही कॉर्नियांवर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यांवर, नाण्यासारखे गोल पांढुरके ठिपके. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅडिनोव्हायरस. विषाणू मेला तरी त्याचे अंश कॉर्नियात उरतात, त्यांच्यावर शरीराच्या संरक्षक पेशी जमतात, तेच हे ठिपके.

स्टेरॉइडचे ड्रॉप्स घातले की ठिपके फिके होतात, बंद केले की महिन्याभरात परत. असं तीनदा झालं. मधे स्टेरॉइडनं डोळ्याचं प्रेशर १६ चं २६ झालं, तेव्हा सायक्लोस्पोरिनवर (प्रतिकारशक्तीला आवर घालणारे, स्टेरॉइड नसलेले ड्रॉप्स) आणलं. ते झोंबतं, आणि डोळे कोरडे पडलेत ते वेगळंच.

तो नारायणगावहून टोमॅटोचा टेम्पो घेऊन पहाटे पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो. समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती मोठं वलय दिसतं म्हणतो. तो गुलटेकडीला पोचल्याचा फोन येईपर्यंत मला झोप लागत नाही.

आता डॉक्टरांनी ऑटोलॉगस सीरम सुचवलंय. रक्त काढून गोठू देतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पिवळसर सीरम घेतात आणि सलाइनमध्ये मिसळतात. त्याला २० टक्क्यांचे सांगितलेत. यानं कुणाचे ठिपके गेलेत का, की फक्त कोरडेपणा कमी होतो? पुण्यात कुठे करून देतात? मोहम्मदवाडीच्या देसाई नेत्र रुग्णालयात विचारावं का? आणि प्रिझर्वेटिव्ह नसतं म्हणे, मग रात्रभर टेम्पोत ते थंड ठेवायचं कसं?

प्रतिसाद :
ताई, माझी आई हे ड्रॉप्स वापरते, पण तिला स्योग्रेनचा (प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) कोरडेपणा आहे, ठिपके नाहीत. सीरममध्ये अश्रूंसारखीच जीवनसत्त्व अ आणि पेशी वाढवणारी द्रव्यं असतात, त्यानं कॉर्नियाचा वरचा थर भरून येतो. ठिपके त्या थराच्या खाली असतात, त्यामुळे सायक्लोस्पोरिन मनानं सोडू देऊ नका. ते फारच झोंबत असेल तर त्याच प्रकारच्या टॅक्रोलिमस या औषधाबद्दल विचारा. आमच्याकडे सीलबंद बाटल्या फ्रीझरमध्ये असतात, उघडलेली एकच खाली फ्रीजमध्ये. प्रवासात थर्मासमध्ये बर्फ घालून नेतो. रक्त घेण्याआधी एचआयव्ही आणि हेपॅटायटिसची तपासणी करतात. साध्या लॅबमधून सीरम काढून आणू नका, निर्जंतुक नसेल तर बुबुळाला जंतुसंसर्ग होईल. जागेचं म्हणाल तर जिथे कॉर्नियाचा विभाग आणि रक्तपेढी दोन्ही आहेत तिथे आधी फोन करा.

धागालेखिका :
मनापासून आभार. ठिपके थराच्या खाली असतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारी टॅक्रोलिमसचं विचारते. तोवर रात्रीच्या फेऱ्या शेजारच्या दादांनी घ्यायचं कबूल केलंय. ठिपक्यांसाठीच सीरम घातलेलं कुणी असेल तर कृपया लिहा, किती महिने घातलं तेही.